मक्याचा गरम वास

शहागडला गाडी थांबली की कुणीतरी कणसं भाजत असतं. त्या वासासरशी मी बियाणे कंपनीच्या सुकवणीच्या शेडमध्ये जाऊन पोचतो.

तिथं मक्याच्या ढिगात मी तापमान मोजणारे थर्मोकपल खोचले होते आणि आकडे नोंदवणारा डेटा लॉगर बसवला होता. थर्मोकपलची खास वायर अपुरी पडली म्हणून साधी तांब्याची जोडली. सांधा गरम पाइपाला टेकला होता, त्यामुळे तापमान खऱ्यापेक्षा कमी दिसत होतं. ड्रायर सांभाळणाऱ्या रंगनाथनं विचारलं, "साहेब, आकडा लई कमी दाखवून राह्यला. हवा अजून तापवू का?" मान वर न करता मी म्हणालो, "तापव."

पुढं प्रयोगशाळेत मॅनेजरनं त्या मक्याची उगवण तपासायला ठेवलेली ओल्या कागदाची गुंडाळी उलगडली. दाणे टम्म फुगले होते, पण एकालाही मोड नव्हता.

"हवा एवढी कुणी तापवली?"

"म्या," रंगनाथ म्हणाला.

सांध्याची चूक मला त्याच क्षणी कळली. मी कागदाकडं बघत राहिलो.

त्याला कामावरून काढल्यावर गेटपाशी तोच मला म्हणाला, "मशीन कशाला खोटं बोलंल, साहेब? माझंच कुठंतरी चुकलं आसंल." तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

रंगनाथ आता नाही. परवा केदारखेड्याला जाऊन त्याच्या मुलाला सगळं सांगितलं.

"त्याच्यानंतर बाबांनी पेरणीला बियाण्याला हात लावला न्हाई," तो म्हणाला. "म्हणायचे, माझ्या हाताला गुण न्हाई."