तिने न घेतलेला पेला

ती मला एकदाच भेटली, अकोल्याच्या आमच्या चर्चमध्ये, शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी. मूर्तिजापूरहून आलेली, आईच्या वयाची अनोळखी बाई. बायबलची प्लास्टिकची पिशवी ती सारखी उलगडत होती आणि पुन्हा घडी घालत होती.

त्या रविवारी क्षमेवरची प्रार्थना मी केली होती, घरी लिहून पाठ केलेली. जागेवर परतताना बायका "किती छान" म्हणाल्या. दोन महिने मी ताईचे फोन उचलत नव्हते, हे त्यांना माहीत नव्हतं.

मग येशूच्या आठवणीत घ्यायच्या प्रभुभोजनाचा ट्रे आला. मनात राग धरून ते घेऊ नये, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. तिने द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांकडे पाहिलं आणि ट्रे तसाच माझ्या हातात दिला.

"आंटी, घ्या ना," मी कुजबुजले.

"आज नाई घेत. सकाळी जावेले लय बोलून आली मी. आधी तिची माफी मांगतो, मंग घेतो." पिशवीची घडी दाबत ती म्हणाली, "तू घे, पोरी. तुयी प्रार्थना आयकली ना मी. तुयं मन साफ आहे."

पुढच्या बाकावरून आई वळून बघत होती. मी पेला उचलला आणि पिऊन टाकला.

चर्च सुटल्यावर ती कुणासाठी न थांबता बस स्टँडकडे निघाली.

उद्या पुन्हा प्रभुभोजन आहे. प्रार्थना माझ्याकडेच आहे. कागद समोर कोरा पडलाय, शेजारी फोन आहे, आणि ताईचा नंबर मी अजून लावलेला नाही.