फ्लेक्सवरची नवरी

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात माझा फोटो स्टुडिओ आहे, जीपा थांबतात त्याच्या अगदी समोर. दारावरच्या फ्लेक्सवर एका नवरीचा फोटो होता, हळदीच्या दिवशी मी काढलेला. मान किंचित वळलेली, हसू ओठांतच थांबलेलं. तसा फोटो मला पुन्हा जमला नाही.

वर्षाच्या आत ती पोरगी सासर सोडून माहेरी आली. सेनगावला एका दवाखान्यात कामाला लागली आणि रोज सकाळी त्याच फ्लेक्ससमोर जीपची वाट बघत उभी राहू लागली. लोक आधी वर बघायचे, मग तिच्याकडे.

तिचे वडील आले. "तेवढा फोटो उतरवा, भाऊ."

माझं डोकंच सणकलं. याच घरानं माझे फोटो स्टेटसला लावताना खालचं माझं नाव कापलं होतं. जुनं गिऱ्हाईक म्हणून तेव्हा मी गिळून घेतलं. "मी काढलेला फोटो, हक्क माझा," मी सुनावलं. "काहून उतरवू?"

"घरातली चार लग्नं तुमालाच दिली आमी," एवढंच बोलून ते गेले.

हे घर तुटलं तर अख्खी भावकी तुटेल, म्हणून दुसऱ्या दिवशी मी शिडी लावली आणि नवरीच्या डोळ्यांवर 'पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत' ही पट्टी चिकटवली. फोटोही राहिला, गिऱ्हाईकही राहील. स्वतःच्या डोक्याचं मला भारी कौतुक वाटलं. पण पेपरात आरोपीचे डोळे झाकतात तशी ती दिसायला लागली. "काय गुन्हा केला हो हिनं?" जीपवाले खिदळायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ आत आली. मी बनियनवर, तोंडात भाकर. तिनं मोबाईल वर केला आणि माझा फोटो काढला.

"हे काय करून राहिली? पुस तो!"

"काहून? काढला तर म्या."

मी मोबाईलवर झडप घातली. ती मागं सरली. "एकटी मी पाहून राहिले, तरी तुमाला सहन होईना?"

अशी चीड आली, की वाटलं हाकलून द्यावं. पण तसाच खरकट्या हातानं शिडी चढलो आणि ब्लेडनं फ्लेक्स टराटरा फाडला. ती खाली उभी राहून बघत होती. शेवटचा तुकडा पडल्यावर ती जीपकडं गेली.

त्या घरातलं लग्नाचं काम पुन्हा आलं नाही. माझा फोटो तिच्याकडं अजून असेल. पुसायला सांगायची माझी हिंमत होत नाही.