तंबाखूचं फूल

मंडळी, आज निपाणीजवळच्या आमच्या शाळेत मी जरा चिडलेच. मुलांनी कुंड्यांत लावलेल्या झेंडूच्या सगळ्या कळ्या दुसरीतल्या श्रेयाने खुडून टाकल्या होत्या.

“बाई, शेंडा खुडला न्हाय तर पानं मोठी हुईत न्हाईत,” ती म्हणाली. “तंबाखूला आप्पा असंच करत्यात.”

माझा राग गेला. “तंबाखूचं फूल कसं असतं गं?”

“त्याला फूल येतंय व्हय?”

संध्याकाळी तिला न्यायला आलेल्या आप्पांना म्हटलं, एक झाड न खुडता ठेवा. ते हसले. “ठेवतो. खरं सांगू बाई, मीबी ते कधी निवांत बघितलं न्हाय.”

फुललं की सगळा वर्ग बांधावर जाणार. दहा वर्षं इथं शिकवते, मीही पाहिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी पाहिलंय? रंग मात्र सांगू नका.