अर्ध्या घंट्याची बहीण

केळझरच्या पंचफुलाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. तिची सून पौर्णिमाही हे सांगेल, पण हळू आवाजात. तीस वर्षं अंगणवाडीत खिचडी शिजवली. तांदळात खडे निघाले की ही बाई पोतं उचलून थेट सेलूच्या तालुका ऑफिसात आपटायची. अशी बाई पुण्यात तीन दिवस तोंड शिवून राहिली. कशासाठी, ते ऐका.

तिची थोरली बहीण धुरपता. नवरा गेल्यावर पोटासाठी पुण्याला गेली आणि एका सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये साफसफाईला लागली. म्हणजे चार दिवसांसाठी भाड्यानं मिळणारं सजवलेलं घर: पलंग, फ्रिज, शेगडी सगळं तयार, आणि झाडायला-पुसायला रोज बाई. चार वर्षांत धुरपता एकदाही गावी आली नाही. माय वारली तेव्हा सुट्टी मागितली, तर सुपरवायझर म्हणाला, "सीझन चालू आहे." सीझन! मायच्या मातीपेक्षा परक्यांच्या चादरी मोठ्या झाल्या मेल्याला!

यंदा पंचफुला पेटली. "तिले सुट्टी नाई ना? मंग मीच जातो तिच्या कामावर." नागपूरला नोकरी करणाऱ्या अश्विनच्या, म्हणजे लेकाच्या, डोक्यावर बसून तिनं त्याच इमारतीतलं घर तीन दिवसांसाठी बुक करायला लावलं. धुरपतानं फोनवर एकच अट घातली. "नातं सांगू नको वं. आमा कामवाल्यायच्या नातेवाइकानं इथं गिऱ्हाईक होऊन राह्यलेलं चालत नाई. माही नोकरी जाईन."

पहिल्या दिवशी दारात निळ्या युनिफॉर्ममध्ये धुरपता उभी. पंचफुलाचा हात सवयीनं वर गेला. "जयभीम, बाई." थोरलीला ती बाईच म्हणते. पण मागे सुपरवायझर होता. धुरपता खाली मान घालून म्हणाली, "वेलकम, मॅडम." जिनं कडेवर घेऊन वाढवलं, ती सख्खी बहीण मॅडम म्हणते! पंचफुलाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण शब्द दिला होता.

एका घराला अर्धा घंटा, वर एक मिनिट नाही. दोन दिवस धुरपता फरशी पुसत राहिली आणि पंचफुला मायच्या शेवटच्या दिवसांचं सांगत तिच्या मागे मागे फिरली. बहिणींची भेट म्हणायची ही? तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी पंचफुला पहाटेच उठली. घर झाडलं, पुसलं, चादरी बदलल्या, संडाससुद्धा घासला. केळझरहून आणलेली अंबाडी माय करायची तशी शिजवली, ज्वारीच्या भाकरी थापल्या. आज बाईनं काही करायचं नाही, नुसतं बसायचं आणि चार घास खायचे.

मग भांडी. तवा पाहते तर आतून काळाकुट्ट! शहरातल्या माणसांना काजळी काढायचाही आळस, असं पुटपुटत तिनं पिशवीतली तारेची घासणी काढली आणि तवा चांदीसारखा पांढरा केला. ती काजळी नव्हे, न चिकटणाऱ्या तव्याचा लेपच, हे तिला कोण सांगणार? तिचा सारा जन्म लोखंडी तव्यावर गेला.

धुरपता आली, चकचकीत घर पाहून हसली आणि सोफ्यावर टेकली. पंचफुलानं ताट दिलं. दुसरा घास तोंडात जातो न जातो तोच सुपरवायझर स्वतःच्या किल्लीनं दार उघडून आत आला.

"धुरपता! गेस्टच्या सोफ्यावर? आणि या तव्याची काय वाट लावलीस? उद्यापासून येऊ नकोस!"

"तवा म्या घासला," पंचफुला कडाडली.

लगेच त्याच्या आवाजाचं लोणी झालं. "असू द्या मॅडम, होतं असं. काही हरकत नाही."

वा रे न्याय! तवा तोच, पण एकीला माफी आणि दुसरीची भाकर बंद!

"पण हिला जेवायला का बसवलंत? तुमची कोण लागते ही?"

धुरपतानं डोळ्यांनीच विनवलं. पंचफुलानं ओठावर आलेलं सगळं गिळलं. "कोणी नाई," ती म्हणाली आणि संतापानं तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

धुरपता ताट ठेवून उठली. बादली उचलून दारापर्यंत गेली, थांबली आणि बादली दाणकन खाली आपटली.

"कोणी नाई कशी? लहान बहीण हाय माही! मायच्या मातीले तुमी मले जाऊ देल्लं नाई, म्हणून ते मायच्या हातची चव घेऊन इतक्या लांब आली."

"हे बघ, रूल म्हणजे..." सुपरवायझर बोलू लागला.

"उद्यापासून नको येऊ म्हणता? नाई येत. पण आजचा अर्धा घंटा माहा हाय." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "वीस मिनिटं बाकी हायेत."

मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून ती ऐसपैस बसली.

"पंचफुले, भाकर वाढ वं."