तपासणीच्या आधीचे चार दिवस

१४ नोव्हेंबर. माझ्या मेसला सुट्टी, म्हणून फ्रीज पुसायला काढला. खालच्या ट्रेमध्ये बीट निघाले. दोन-तीन मऊ पडलेले, बाकीचे अजून कडक. अण्णाच्या रक्ततपासणीसाठी आणून ठेवले होते... तपासणीआधीच अण्णा गेला.

अण्णा माझा थोरला भाऊ, नांदूरघाटला राहायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला. मागच्या महिन्यात मेसच्या पोरांसाठी कणीक मळत होते, तेव्हा वहिनीचा फोन आला. "वन्सं, हे उठंनातच की ओ." पिठाच्या हातानेच नांदूरघाट गाठलं, पण तिकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्याला हार्ट अटॅक आला होता. त्यातून उठला, आणि दर काही महिन्यांनी इकडे बीडला रक्त तपासायला यायला लागला. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं, की हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, किडनीचं क्रिएटिनिन या साध्याच तपासण्या. पण त्यांचे आकडे एकत्र मांडले की अटॅकनंतर कोणाला जास्त जपायला हवं याचा अंदाज येतो. मला एवढंच कळलं, की साधं रक्त पुढचं काहीतरी सांगतं. अण्णाला मात्र वेगळंच कळलं. त्याला वाटलं, साहेब तपासणीला येणार आहेत.

शाळेत त्याचं हेच चालायचं. साहेब येणार म्हटलं की फाटकापर्यंतच्या दगडांना चुना, पाण्याची टाकी घासलेली, पोरांची नखं कापलेली. रक्ताचंही तसंच. चार दिवस आधी माझ्याकडे मुक्कामाला यायचा, तंबाखूची पुडी वहिनीकडे ठेवून. सकाळी फिरणं, तांब्या तांब्या पाणी, दोन्ही वेळा बिटाची कोशिंबीर. मी म्हणायचे, "डॉक्टरला फसवतोस काय?"

"फसवणं कशाचं? साहेब यायच्या आधी शाळा झाडून घ्यायची नसती व्हय?"

रिपोर्ट चांगले यायचे. शेवटच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "धोका कमी दिसतोय." अण्णाने स्टँडवरूनच वहिनीला फोन लावला, "पास झालो!" आजूबाजूचे प्रवासी वळून बघायला लागले. घरी गेल्या गेल्या पुडी परत मागितली म्हणे.

दहाव्याला वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "रिपोर्ट खोटा व्हता का ओ वन्सं? आपुन त्यास्नी नटवून पाठवत व्हतो... म्हणून डॉक्टरला खरं दिसलंच न्हाई का?" तेव्हापासून तिच्या पोटात नीट अन्न जात नाही. उठताना चक्कर येते.

मी डॉक्टरांकडे जाऊन सरळ विचारलं. ते म्हणाले, चार दिवस बीट खाऊन हिमोग्लोबिन वाढत नाही. पाण्याने, तंबाखू बंद ठेवल्याने थोडाफार फरक पडला असेल, पण रिपोर्ट खोटे नव्हते. आणि धोका कमी म्हणजे धोका नाही, असं नव्हे. त्याच्यासारख्या पुष्कळांचं बघून बांधलेला तो अंदाज. त्या एका माणसाचं काय होईल, हे त्यात लिहिलेलं नसतं.

मी मान हलवली. कळलं का? नाही. रिपोर्ट खरा, तर माणूस कसा गेला? आणि खोटा म्हणावं, तर ते चार दिवस अण्णा खरोखरच चालत होता, खरोखरच तंबाखूला शिवत नव्हता. साहेबांसाठी घासलेल्या टाकीतलं पाणीही पोरं खरंच प्यायची. ढोंग कुठे संपतं आणि सुधारणा कुठे सुरू होते... मला अजून ठरवता आलेलं नाही. दोनदा वहिनीला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला.

मऊ पडलेले बीट टाकून दिले. कडक होते ते धुऊन परत ट्रेमध्ये ठेवले.

१५ नोव्हेंबर. सकाळी पोरांचे डबे भरून झाल्यावर फोन केला. "वहिनी, रिपोर्ट खरा होता. आपण काही लपवलेलं नाही. डॉक्टरनंच सांगितलंय."

"मंग गेले कसे?"

"ते मला कळलेलं नाही. डॉक्टरलाही कळलंय असं वाटत नाही."

मग मी म्हणाले, "तुम्हाला चक्कर येते, त्यासाठी रक्त तपासून घ्यायचंय. बीट घेऊन येते. आजपासून रोज नीट जेवायचं, चार दिवसांपुरतं नाही."

"तपासणी कवा हाय?"

"तारीख सांगणार नाही," म्हणाले, आणि पिशवी घेऊन स्टँडकडे निघाले.