कौसामावशीची पाटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि मन हलकं करायला सांगतोय असंही समजू नका. माझं मन जड आहे तेच बरं आहे.

आमच्या वस्तीला इतिहास आहे — सुरुवात इथून करतो. हसलात? हसा! तिसगावच्या बाजारात कुणी ‘कुठले?’ विचारलं की आम्हाला मोठ्या गावाचं नाव सांगावं लागायचं, आणि त्या मोठ्या गावातले आम्हाला नुसतं ‘माळावरचे’ म्हणायचे. ना आमची ग्रामपंचायत, ना नकाशात ठिपका. मूठभर घरं. माळावरच्यांना कसला आलाय इतिहास, असं तोंडावर म्हणायचे. का बरं? माळावर काय माणसं राहत नाहीत?

तर ऐका. त्या उजाड माळावर पहिली कोपी, पाचटाची झोपडी, घातली कौसामावशीने. नात्याने ती कुणाचीच नाही, पण सगळ्या वस्तीची मावशी. ऊसतोडीला गेली असताना नवऱ्याने दुसरी बाई केली आणि हिला फडातच सोडलं. तान्ही पोर घेऊन ही परत आली. गावात कुणी थारा देईना, म्हणून माळावर ओढ्याच्या काठाला राहिली. ओढा कोरडा, तर वाळू हाताने उकरून तिने पाण्याचा झिरा काढला. त्या पाण्यामागे एकेक घर आलं. दसरा झाला की सगळे कोयते घेऊन कारखान्यांकडे निघायचे — मग म्हातारी माणसं, शाळेची पोरं, शेळ्या, घरांच्या किल्ल्या, सगळं मावशीच्या गळ्यात. संध्याकाळी एकेक कुलूप काढून ती घराघरात दिवा लावायची. वस्ती तिने वसवली आणि राखलीही तिनेच. कुणाला हे मान्य नसेल तर त्याने माझ्यासमोर येऊन बोलावं.

मग मी काय केलं? सांगतो. थांबा जरा — सरळ तोंडातून निघत नाही.

माझे आजोबा रंगनाथ, ऊसतोडीचे मुकादम. टोळ्या त्यांच्या शब्दावर हलायच्या. एकटी बाई माळावर राहते, गावाची अब्रू जाते, असं म्हणत त्यांनी मावशीची भांडीकुंडी ओढ्यात फेकली होती. तिने ती वेचून आणली आणि पुन्हा चूल मांडली. पुढे पाणी दिसलं तेव्हा आजोबाही तिथंच राहायला आले. हे सगळं आईने मला लहानपणीच सांगितलं होतं. मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणूच शकत नाही.

वस्तीपर्यंत डांबरी रस्ता आला तेव्हा नावाची पाटी लावायचं ठरलं. मोठ्या गावात ग्रामसभा भरली ती नेमकी तोडणीच्या दिवसांत. वस्तीत म्हातारीकोतारी तेवढी उरलेली. मी नागापूरला कंपनीत कामाला, पँट-शर्टातला, म्हणून वस्तीच्या वतीने मी गेलो. कुणीतरी विचारलं, तुमची वस्ती वसवली कुणी? मागून एकजण फिदीफिदी हसला — सोडलेल्या बाईने, दुसरं कोण! मला झोंबलं. लई झोंबलं. तेव्हा ताठ मानेने ‘हो, तिनेच!’ म्हणायला काय जात होतं माझं? मी छाती काढून उभा राहिलो आणि म्हणालो, माझ्या आजोबांनी. एकटे माळावर आले, वाळू उकरून पाणी काढलं — तिचे सगळे कष्ट मी आजोबांच्या नावावर चढवले. टाळ्या पडल्या. पाटी रंगली, ‘रंगनाथनगर’.

हा भ्याडपणा झाला. पण माझा खरा गुन्हा हा नव्हे.

पाटी रोवली त्या दिवशी मावशी काठी टेकत आली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, “काय लिवलंय रं दत्ता?”

रस्त्याचं काहीतरी आहे म्हणून वेळ मारून नेता आली असती. नाही. मी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं — “तुजंच नाव हाय, मावशी. कौसाबाईची वस्ती.”

तिने तोंडाला पदर लावला. “आगं बया! माज्या नावाची?” घरी जाऊन गूळ घेऊन आली. पहिला खडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

त्यानंतर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, वस्ती माज्या नावाची हाय. टोळ्या परत आल्या, त्यांनी पाटी वाचली आणि गप्प बसल्या — आता माझे चुलते मुकादम, बोलणार कोण? वाचता येणारी पोरं मागून खिदळायची, म्हातारी चळली म्हणायची. मी ऐकायचो. माझी जीभ काही झडली नव्हती, तरी गप्प राहिलो.

मग एकदा पेंड घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याने तिलाच पत्ता विचारला. हिने मोठ्या तोऱ्यात पाटीकडे बोट केलं. त्याने मोठ्याने वाचून दाखवलं.

ती आमच्या अंगणात आली. मी एकटाच होतो. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत.

चुलते म्हणतील, घराण्याची अब्रू काढली. काढली! येत्या ग्रामसभेत उभा राहून पाटी बदला म्हणणार, भांडी ओढ्यात फेकल्याचंही सांगणार. ज्याला हसायचं त्याने पोटभर हसावं. पण पाटी बदलली म्हणजे मी सुटलो, असं कुणी मानू नये. मी तर मुळीच मानत नाही.

कारण त्या दिवशी अंगणात ती एवढंच म्हणाली, “नाव तुमाला ऱ्हाऊ दे. पर मला खोटं का वाचून दावलंस?”

उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. तुला वाचता येत नव्हतं, मावशी. म्हणून.