पटेला म्हणजे वाटी

रिसोडच्या दवाखान्यातल्या आमच्या कंपाउंडरांइतकं लॅटिन अख्ख्या वऱ्हाडात कुणाला येत नसेल, आणि इतकं चुकीचंही. धनज गावचे, चौथी शिकलेले, धोतरावर काळा कोट घालणारे गृहस्थ. कुण्या साहेब डॉक्टरने मागे सोडलेला लॅटिन शब्दकोश त्यांनी वर्षानुवर्षं वाचला होता. त्याची शेवटची पानं वाळवीने खाल्लेली. तिथून पुढचे अर्थ ते स्वतःच्या अकलेने पुरे करत. मी नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो, त्याच सकाळी त्यांनी मला बजावलं की लॅटिनात डॉक्टर म्हणजे मुळात मास्तर, औषध देणारा नव्हे. आणि औषधाच्या कपाटाची किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवली. दंड दुखावलेल्या एका पैलवानाला त्यांनी सांगितलं, की मसल म्हणजे बारका उंदीर. आपल्या दंडात बेटकुळी, साहेबाच्या दंडात उंदीर. तो गडी दोन दिवस हात हलवायला तयार नव्हता. हात बहुधा त्यामुळेच बरा झाला.

एकदा बैलाची लाथ गुडघ्यावर बसलेली एक शेतकरीण बंडीतून आली. मी तपासलं आणि शिकलो होतो तसं बोललो: पटेला फ्रॅक्चर आहे, अकोल्याला न्यावं लागेल. बाई पांढरीफटक पडली. एवढं मोठं नाव म्हणजे पाय तोडणारच, असं तिने गृहीत धरलं. पेरणी तोंडावर, घरात दुसरं करणारं कोणी नाही. ती बंडीवाल्याला घरी जायला बैल जुंपायला सांगू लागली. मी समजावून थकलो.

कंपाउंडर बाटल्या सोडून तिच्याजवळ उकिडवे बसले.

“माय, आयक. पटेला म्हंजे वाटी. तू गुडघ्याची वाटी म्हंते ना, तेच त्यायच्या लॅटिनात. वाटीले चीर गेली त वाटी सांधतेत. त्याच्यासाठी कोनी चूल मोडत नाई.”

बाईने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मंग असं सांगा ना.” आणि अकोल्याला गेली. मी हळूच त्यांचा शब्दकोश उघडून पाहिला. अर्थ तंतोतंत बरोबर होता.

पौषात ती आली ती पायी, जराशी लंगडत, डोक्यावर हरभऱ्याचा डहाळा घेऊन. तिला पायरी चढताना पाहून कंपाउंडर चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत बसले.

पुढे माझी बदली झाली. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात मी आता लांबलचक नावं लिहितो. समोरचं माणूस घाबरून पाहू लागलं, की माझी मान आपोआप औषधाच्या खिडकीकडे वळते. तिथे पदवी घेतलेले एक सज्जन बसतात. ते गोळ्या अगदी बरोबर देतात.